मंडपापासून एकशे ऐंशी पावलं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. शाळेतली पोरं पाठीमागं मला 'तापलेला तवा' म्हणायची आणि ते मला माहीत होतं. पण आयुष्यात मी एकच पुस्तक लिहिलं, आणि तेही रागातूनच लिहिलं. म्हणून त्या रागाला मी बरीच वर्षं नावं ठेवली नाहीत.

चौऱ्याहत्तर साल. मी तेव्हा भवानी मंडपाजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. सकाळी मंडपाच्या कमानीखालून जाताना रोज तोच तमाशा दिसायचा. बाहेरगावची मंडळी अंबाबाईच्या दर्शनाला आलेली, कुणाच्या डोक्यावर ट्रंक, कुणाच्या कडेवर पोर, आणि त्यांना घेरून तीन-चार दलाल. "पावणं, खोली पायजे? चला की, मंडपाला लागूनच हाय!" मंडपाला लागून असलेली ती खोली गाठायला पावणे घाम पुसत पार लक्ष्मीपुरीच्या पलीकडं जायचे. एकदा सांगोल्याकडचं एक म्हातारं जोडपं मला दुपारी पुन्हा मंडपात भेटलं. म्हातारीच्या पायाला फोड आले होते. माझा पारा चढला. त्या दलालाला गाठून मी चार माणसांत त्याची खरडपट्टी काढली.

तो काही घाबरला नाही. म्हणाला, "मास्तर, मी वाईट, कबूल. मग तुमीच सांगा की, हितं जवळ चांगलं लॉज कुठलं?"

मला सांगता येईना. लहानाचा मोठा कोल्हापुरातच झालो, पण आपल्याच गावातल्या लॉजात कोण कशाला पाय ठेवील? पन्हाळ्याच्या वेढ्याचं विचारलं असतं तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं.  दलाल हसला आणि पान थुंकून निघून गेला.

घरी येऊन मी आदळआपट केली. कालिंदी, माझी बायको, तांदूळ निवडत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती सहसा चिडायची नाही. चिडायचं खातं तुम्ही एकट्यानं घेतलंय, असं म्हणायची. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग बघून या की एकदा सगळी लॉजं. वहीत लिहून काढा."

"तूही चल," मी म्हणालो.

तेव्हापासून आमचे रविवार त्यातच जायला लागले. कमानीच्या उंबऱ्यापासून सुरुवात करायची आणि लॉजच्या दारापर्यंत पावलं मोजायची, असं मी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी मी ढांगा टाकत निघालो. कालिंदीनं मला मागं बोलावलं. "अहो, देवीला आलेली बाई अशी चालते होय? तिच्या हातात पिशवी असते, पदर सावरायचा असतो." मग तिनं घरातनं एक पिशवी आणली, तिच्यात दोन पितळी तांबे आणि चादर भरली आणि ती हातात घेऊन स्वतः चालायला लागली. पुढं ती, मागं वही घेऊन मी. तिचे ओठ हलत असायचे. वाटेत कुणी ओळखीचं भेटून "काय कालिंदीबाई, कुठं निघालात?" म्हणालं आणि आकडा चुकला, की ती तशीच वळून परत कमानीपाशी जायची. आमच्या पुस्तकातली सगळी अंतरं तिच्या पावलांची आहेत.

लॉजात गेलो की मी मॅनेजरशी बोलत बसायचो आणि ती खोलीत शिरायची. गादी दाबून बघायची, उशीचा वास घ्यायची, मोरीत पाणी ओतून ते कुठं जातंय ते बघायची. ओलं लुगडं वाळत घालायला खिळा आहे का, हेसुद्धा बघायची. "पुरुष खोलीत गेला की पंखा बघतो," ती एकदा म्हणाली, "बाई आधी कडी बघते." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून घेतलं.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात चंद्रभुवन नावाचं एक लॉज होतं. कमानीपासून एकशे ऐंशी पावलं. एवढं जवळ दुसरं कुठलंच नव्हतं. नवा चुना दिलेला, चादरी धुतलेल्या. मी वहीत 'उत्तम' लिहूनही टाकलं होतं. कालिंदी मात्र दाराच्या वरच्या झरोक्याकडं बघत उभी राहिली. झरोक्याला जाळी नव्हती. तिनं मला आत ढकललं आणि कडी लावायला सांगितलं.

"लावली?"

"लावली."

बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग त्या झरोक्यातून हिरव्या बांगड्यांचा हात आत आला, चाचपडत कडीपाशी पोचला, कडी निघाली आणि दार उघडलं. मॅनेजर हसायला लागला. "ताई, असं कोण येतंय हितं?" ती स्टुलावरून उतरली आणि जिना उतरायला लागली. बोळाच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "हे लॉज आपल्या पुस्तकात घालायचं नाही. किती का जवळ असेना." मी तिथंच उभ्या उभ्या 'उत्तम' खोडलं. तिचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. माझ्यासारख्या तिरसट माणसाला अशी बायको मिळाली, हे देवीचंच देणं, असं मी मनात म्हणालो.

शेवटी सतरा लॉजं ठरली. पुस्तक छापलं नृसिंहानं. नृसिंह माझ्या बाकावरचा मित्र, पापाच्या तिकटीच्या चौकाजवळ त्याचा छोटा छापखाना. 'कोल्हापुरात उतराल कुठे?' असं नाव दिलं, खाली माझं नाव. प्रस्तावनेत मी लिहिलं, 'प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन, पाहून आणि मोजून मग लिहिले आहे.' नृसिंह म्हणाला, "वहिनींचे आभार टाकूया की एक ओळ." मी म्हणालो, "घरच्या माणसाचे कसले आभार?" तेव्हा ते मला फार शोभून दिसलं होतं.

नवरात्राच्या आधी पुस्तक बाहेर पडलं आणि चाललं. नारळवाले, फुलवाल्या, स्टँडावरचा पेपरवाला, सगळ्यांकडं असायचं. लोक टांग्यात बसून टांगेवाल्याला पान उघडून दाखवायचे, "मास्तरांच्या पुस्तकातल्या लॉजात सोडा." दलाल मला बघून तोंड फिरवायला लागले. त्याचा आनंद मी लपवणार नाही. शाळेच्या हजेरीबाहेर माझं नाव पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

पुढल्या मार्चमध्ये परीक्षेच्या कामाला मला तीन आठवडे इचलकरंजीला जावं लागलं. तिथं यंत्रमागांच्या खडखडाटात राहत असताना नृसिंहाचा निरोप आला: प्रती संपल्या, जोतिबाची चैत्रयात्रा तोंडावर आली, पुन्हा छापू का? मी कळवलं, 'आहे तसं छाप. काही अडलं तर कालिंदीला विचार.' परत आलो तेव्हा घरात पिवळ्या कव्हरचा गठ्ठा आलेला. कव्हरावर माझं नाव नीट छापलंय एवढं पाहिलं आणि गठ्ठा कपाटात टाकला. आपलंच लिहिलेलं दुसऱ्यांदा कोण वाचतो?

जुलैत एका सकाळी दार वाजलं. दारात श्यामला आणि तिची आई चिमणाबाई. कोल्हापुरातल्या शाळेत लागण्याआधी मी मुरगूडच्या शाळेत होतो, तेव्हा श्यामला माझ्या आठवीच्या वर्गात होती. हुशार पोरगी. मॅट्रिक झाल्यावर तिला नर्सिंगच्या शिक्षणाला जायचं होतं. तिचे वडील पिराजी तयार नव्हते. मीच पत्रावर पत्र लिहून त्यांना गळ घातली होती. मुलाखत काल होती, हे मला माहीत होतं. मी हसत म्हणालो, "काय, पेढे आणलेस का?"

श्यामला आत आली नाही. तिनं पिशवीतनं पिवळं पुस्तक काढून उंबऱ्यावर ठेवलं.

"सर, तुमचं पुस्तक म्हंजे तुमचंच घर म्हणून गेलतो आमी."

मग तिनं सांगितलं ते मला उभ्यानं ऐकवेना. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी दोघी आल्या. मास्तरांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, उद्या निकाल घेऊनच जाऊ, असं चिमणाबाई म्हणाली. पुस्तकात सगळ्यात जवळचं लॉज बघून त्या तिथं उतरल्या. रात्री झरोक्यातून कुणाचा तरी हात आत आला. त्यांनी आरडाओरडा केला तेव्हा बाहेर हसण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं हात पुन्हा आला. दोघी मायलेकी दाराला ट्रंक लावून, ट्रंकेला पाठ लावून उजाडेपर्यंत बसल्या. सकाळी चिमणाबाईला घेरी यायला लागली. तिला डॉक्टरकडं नेऊन श्यामला मुलाखतीला पोचली तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. आत घेतलं तर समोरच्या बाईंनी विचारलेला एकही प्रश्न तिला कळला नाही. रात्री पुन्हा चंद्रभुवनात कशा राहणार, आणि माझ्या दारात तरी कशा येणार? दोघी देवळाच्या ओवरीत बसून राहिल्या.

"चंद्रभुवन?" मी ओरडलो. "अगं, ते आम्ही घातलेलंच नाही!"

श्यामलानं पुस्तक उचललं, पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं. पान चार. 'चंद्रभुवन लॉजिंग. कमानीपासून एकशे ऐंशी पावले. स्वच्छ, हवेशीर. बायकामाणसांनी निर्धास्त उतरावे.'

कालिंदी स्वैपाकघरातून पाणी घेऊन आली होती. तिनं चिमणाबाईला हात धरून आत नेलं, पाटावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. श्यामलाला जवळ घेतलं. मला वाटलं, बरं झालं ही आहे. मी पायात चपला सरकवल्या आणि तडक छापखाना गाठला.

नृसिंहाला मी काय काय बोललो ते आज लिहायची लाज वाटते. चार गिऱ्हाइकं, दोन कामगार, रस्त्यावरची माणसं, सगळ्यांसमोर मी त्याला विकला गेलेला म्हणालो. मैत्रीचा केसानं गळा कापलास म्हणालो. लॉजवाल्यानं किती चारले, असंही विचारलं. नृसिंहानं ते पान वाचलं. वाचताना त्याचा चेहरा बदलला. भिंतीवरच्या तारेकडं त्याची नजर गेली आणि लगेच परत आली. "चुकलं असेल," एवढंच तो म्हणाला. "राहिलेल्या सगळ्या प्रतींतलं पान काढून टाकतो. घरी जा, अंबादास."

त्याच्या शांतपणानं मी आणखीनच पेटलो आणि पाय आपटत बाहेर पडलो. चौकापर्यंत पोचलो असेन, तोवर मागून हाक आली. निसार. नृसिंहाच्या छापखान्यात पंचवीस वर्षं छपाईचे खिळे जुळवणारा. बोटं शाईनं काळी, धाप लागलेली.

"मास्तर, मालक बोलणार न्हाईत. मरतील पर बोलणार न्हाईत. पर त्यास्नी चोर म्हणून तुमी जायचं न्हाई. म्या बी हुतो तितं." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. छापखान्यात एक पद्धत असते. ज्यावरून जुळवणी केली तो हाताचा कागद तारेला टोचून ठेवायचा, उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवायला. कागदाच्या मधोमध तारेचं भोक होतं. "अक्षर तुमीच वळका," निसार म्हणाला आणि माझ्याकडं न बघता परत गेला.

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. 'निर्धास्त' मधला 'ध' कालिंदी असाच काढते. वाण्याच्या यादीत, मला इचलकरंजीला पाठवलेल्या पत्रांत, सोळा वर्षं मी तो बघत आलो होतो.  मी एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदारानं विचारलं, "मास्तर, बरं न्हाई का?" मी हो म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा मायलेकी मुरगूडच्या गाडीला गेल्या होत्या. कालिंदीनं त्यांना जेवू घातलं होतं, ओटी भरली होती. मी तिच्यापुढं कागद ठेवला. तिनं तो बघितला आणि पदरानं हात पुसत राहिली.

"गुंडूनं ते लॉज चालवायला घेतलंय," ती म्हणाली.

गुंडू तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. कालिंदीनंच त्याला वाढवला. त्यानं सायकलचं दुकान काढलं, बुडालं. दूध घातलं, बुडालं. मी इचलकरंजीला असताना तो आला, तिच्या पाया पडला. ताई, ह्या वेळी सावरलो नाही तर तोंड दाखवणार नाही, म्हणाला. भाऊजींच्या पुस्तकात नाव आलं की पुरे.

"आठ दिवसांत सगळ्या झरोक्यांना जाळ्या मारतो म्हणाला. आईची शपथ घेतली त्यानं."

"आणि तू जाऊन बघितलंस?"

"भावाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, का स्टूल घेऊन चढायचं?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही घातलं असतं?"

नसतं घातलं. ते तिलाही माहीत होतं, मलाही. मी विचारलं, "नृसिंहाला काय सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्हीच लिहून पाठवलंय, असं सांगितलं."

मला आरडाओरडा करायचा होता. सकाळी नृसिंहावर सगळा करून बसलो होतो, आणि आता जिथं करायचा तिथं काहीच शिल्लक नव्हतं. माझ्या आयुष्यात मला एकाच माणसाच्या डोळ्यांचा भरवसा होता. मी कधी स्वतः उशीचा वास घेतला नाही, मोरी बघितली नाही, कडी बघितली नाही. तिनं चांगलं म्हटलं की मी चांगलं लिहायचो. आणि तिनं तीच कडी, स्वतःच्या हातानं उघडून बघितलेली कडी, बायकांना निर्धास्त म्हणून लिहून दिली होती. माझ्या नावानं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार?

"पुस्तकावर माझं नाव आहे, कालिंदी," मी एवढंच म्हणालो.

"आहे की," ती म्हणाली. "तुमचंच आहे."

दुसऱ्या दिवशी मी नृसिंहाची माफी मागायला गेलो. त्यानं मला बसवून घेतलं, चहा मागवला. "अरे, मी काय सांगणार होतो? तुझ्या घरात काडी टाकू?" मग जरा हसून म्हणाला, "इतिहासाचा मास्तर ना तू? विश्वास पानिपतातच गेला, पोरांना शिकवतोस की." मला हसू आलं नाही. सगळ्या उरलेल्या प्रतींतलं ते पान निसारनं आदल्याच दिवशी फाडलं होतं. पण निम्म्याहून जास्त प्रती लोकांच्या पिशव्यांत गेल्या होत्या, त्या कुठून परत आणणार? महिनाभर मी शाळा सुटल्यावर कमानीखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होतो, चंद्रभुवनात जाऊ नका. एक जण पुस्तक काढून मलाच म्हणाला, "पर हितं तर मास्तरांनी लिवलंय."

जाळ्या मारल्या गेल्या. मी स्वतः उभं राहून मारून घेतल्या. गुंडू मला बघून मागच्या जिन्यानं निघून गेला.

पण श्यामलाचं काय? तिचं पत्र आलं नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलाकडून कळलं की मुलाखतीत तिचं झालं नाही आणि पिराजीनं आता स्थळं बघायला सुरुवात केलीय. पुढच्या वर्षी तिला पुन्हा अर्ज करता येणार होता. पिराजीनं पाठवलं तर. आणि पिराजीला कुणी तरी पटवलं तर. ते काम माझं होतं आणि आता माझ्या शब्दाला मुरगूडमध्ये चहाच्या कपाएवढीही किंमत उरली नव्हती.

"मुरगूडला जाऊया," मी कालिंदीला म्हणालो. "खरं काय ते सांगितल्याशिवाय पिराजी पोरीला सोडायचे नाहीत."

 ती म्हणाली, "मी सांगते. तुम्ही बोलू नका, मीच सांगते. माझ्या हातून झालंय, माझ्याच तोंडून जाऊ दे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा मला ती पुन्हा माझी वाटली. रविवारी सकाळच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. मांडीवर पोरीसाठी घेतलेली साडी होती. कागल गेल्यावर तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही. खरं सांगतो, त्या तासाभरात मी तिला माफ करत आणलं होतं.

पिराजी सोप्यात बसले होते. तंबाखूच्या शेतातले रापलेले हात, डोक्याला पटका. त्यांनी उठून नमस्कार केला. अपमान केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"या मास्तर. बसा की. बाई, तुमी बी बसा."

चिमणाबाईनं चहा आणला. ती वाळली होती. श्यामला माझ्यासमोर चौकटीला टेकून बसली. तिची नजर माझ्यावर होती. अजूनही ती वर्गात बसायची तशीच बसली होती, उत्तर मिळेल अशा भरवशानं.

"पिराजीराव," मी सुरुवात केली, "झालं ते फार वाईट झालं. पण पोरीला पुढच्या वर्षी पाठवा. आमच्या घरी राहील. आमच्या दोघांच्या नजरेखाली."

पिराजी चहाकडं बघत बोलले. "मास्तर, मला लिवाय-वाचाय येत न्हाई. तुमची पत्रं बी पोरगीच वाचून दाखवायची. पोरीनं पुस्तक दाखिवलं, तुमचं नाव वाचून दाखिवलं. म्हटलं, मास्तरांनी लिवलंय म्हंजे काळजी न्हाई. म्या सवता तिची ट्रंक गाडीवर चढवली. आता कुणाच्या इस्वासावर धाडू, तुमीच सांगा."

मी कालिंदीकडं बघितलं. हीच ती वेळ होती. तिनं कप खाली ठेवला. पदर खांद्यावरून ओढून घेतला. मी मान खाली घालून वाट बघत राहिलो.

पण तिच्याआधी चिमणाबाईच बोलली. तिला रडू आवरत नव्हतं. "बाई, गडीमाणसास्नी काय कळतंय? त्यास्नी भिंत दिसती, चुना दिसतो. पर तुमी बाईमाणूस. तुमी तरी मास्तरास्नी सांगायचं न्हाई व्हय?"

कालिंदीनं एकदा पिराजीकडं बघितलं, एकदा श्यामलाकडं. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे लॉज घालू नका म्हणून. स्टुलावर चढून कडी काढून दाखवली होती. पण ह्यांनी माझं कधी ऐकलंय?"

 तिनं सांगितलेला शब्द न् शब्द घडलेला होता. मी तोंड उघडलं असतं तर स्वतःचं पाप बायकोवर ढकलणारा नवरा म्हणून तिथून उठलो असतो. अख्ख्या मुरगूडनं तेच खरं मानलं असतं. आणि मी नाही उघडलं, तर पोरीचं शिक्षण माझ्या नावाखाली गाडलं जाणार होतं. गोळा केलेला सगळा राग कुठं गेला होता कोण जाणे. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पिराजीराव, पोरीचं वर्ष..."

"च्या घ्या मास्तर," पिराजी म्हणाले. "गार हुतोय."

चिमणाबाईनं डोळे पुसले आणि कालिंदीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. श्यामला थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग ती माझ्यासमोरून उठली आणि कालिंदीच्या शेजारी जाऊन बसली.